दोनशे बारा झाडांचा नकाशा

बुद्धभूषण ओव्हाळांनी पुण्यात किती इमारती काढल्या याचा हिशेब त्यांनाही सांगता आला नसता. नाव मात्र त्यांचं एकीवरही नाही. ते आर्किटेक्ट नव्हते, ड्राफ्ट्समन होते. आयटीआय करून चौऱ्याऐंशी साली टिळक रस्त्यावर रंगनाथ सरांच्या ऑफिसात चिकटले ते चिकटलेच. सरांनी पाकिटाच्या पाठीवर चार रेघोट्या ओढायच्या आणि ओव्हाळांनी त्यातून अकरा मजले उभे करायचे, जिन्यासकट, कारण जिना सर हमखास विसरत. खाली सही सरांची.

नव्वदीनंतर शहराला घाई झाली. ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर गेले. कॉम्प्युटरवर नकाशा लेअरमध्ये काढतात. भिंतींचा लेअर वेगळा, पाइपांचा वेगळा, झाडांचा वेगळा. नको असेल तो एका क्लिकमध्ये बंद. या ऑफिसची एक रीत होती. मंजुरीचे नकाशे झाडांचा लेअर बंद करूनच छापायचे. झाड दिसलं की प्रश्न येतात आणि प्रश्न आले की महिने जातात, असं सरांचं म्हणणं. ओव्हाळांनी ही रीत दहा वर्षं इमानेइतबारे पाळली. त्यांना त्याचं काही वाटत होतं असं सांगून मी त्यांना मोठं करणार नाही. विश्रांतवाडीहून बसने यायचं, सांगितलेलं काढायचं आणि घरी जायचं, असा तो माणूस.

दोन हजार सहा साली योगेश साबडे नावाचे गृहस्थ ऑफिसात आले. अमेरिकेत दहा वर्षं काढून परतलेले, हिंजवडीत स्वतःची कंपनी. वेल्ह्याच्या बाजूला त्यांनी उतारावरची सात एकर जमीन घेतली होती, सगळी दाट झाडीची. तिथे आठ छोट्या केबिन्स हव्या होत्या. कॉम्प्युटरपुढे बसून डोकं उठलेल्या लोकांनी दोन दिवस यावं, शांत बसावं, आणि निसर्गाला धक्का लागू नये. सरांना असल्या फुटकळ कामात रस नव्हता.

"ओव्हाळ, हे तुम्हीच बघा," सर म्हणाले. "नावही तुमचंच टाका. झोपड्यांवर माझी सही शोभणार नाही."

सरांनी टोमणा मारला होता. ओव्हाळांनी तो बक्षिसासारखा घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा एक काम त्यांचं स्वतःचं होतं आणि ते जसं काढू तसंच उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

चार रविवार ते स्वारगेटहून एसटीने तिकडे गेले. हिरडा, आईन, जांभूळ, अंजन, एकेका बुंध्याला टेप गुंडाळून घेर मोजला, चुन्याने नंबर घातला. दोनशे बारा झाडं भरली. मग त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत त्यांनी केबिन्स बसवल्या. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर मातीचा गिलावा, आणि खाली दगडी खांब, म्हणजे पावसाचं पाणी खालून निघून जाईल. पाचव्या केबिनच्या ओट्यातून एक जांभूळ आरपार जात होतं. त्याच्याभोवती त्यांनी चार बोटं जागा सोडली, झाड वाढेल म्हणून. ही चार बोटं ठरवायला त्यांना एक अख्खी दुपार लागली, आणि ती त्यांच्या नोकरीतली सगळ्यात सुखाची दुपार होती.

कंत्राटदार मच्छिंद्र तिथलाच. नकाशा पाहून तो हसला. "सायेब, कुडाच्या भिंतीचा नकाशा हाय ह्यो? आमच्या आज्याला कुणी काढून दिला न्हाई." पण कामाला तयार झाला.

योगेशनी दोन खिडक्या हलवायला सांगितल्या, तेवढ्यासाठी शेवटचा नकाशा पुन्हा छापायचा होता. त्याच संध्याकाळी खराडीच्या एका आयटी इमारतीचे चौदा नकाशे मंजुरीला जायचे होते. सर डोक्यावर उभे होते. ओव्हाळांनी एकामागून एक चौदा नकाशे छापले, प्रत्येक वेळी झाडांचा लेअर बंद. पंधरावा केबिन्सचा. हाताने पंधराव्यांदा तेच केलं. त्यांनी खिडक्या तपासल्या, मापं तपासली, 'आधीचे सर्व नकाशे रद्द' हा शिक्का मारला आणि गुंडाळी मच्छिंद्रच्या माणसाकडे दिली.

पुढच्या रविवारी ते गेले तेव्हा उतार मोकळा होता. जेसीबीचं काम तीन दिवसांत उरकलं होतं. चुन्याचे नंबर लिहिलेली खोडं खाली रस्त्याकडेला रचून ठेवली होती.

"पयल्या नकाशात झाडं हुती, ह्यात न्हाईत," मच्छिंद्र म्हणाला. त्याने कागद उलगडून दाखवला. "आन हितं लिवलंय, आधीचे समदे रद्द. म्हटलं, मालकाचा इचार बदलला."

त्याची काहीच चूक नव्हती. ओव्हाळ तिथेच मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडले. मच्छिंद्रने पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार बिचारा.

सोमवारी सर आणि योगेश दोघांसमोर उभं राहून त्यांनी सगळं कबूल केलं. नोकरी जाईल, पोलिसात नाव जाईल, अशी मनाची तयारी करून ते आले होते. योगेशनी मच्छिंद्रने काढलेले फोटो पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "अॅक्च्युअली, आता धरण दिसतंय. व्ह्यू मिळाला की हो! इथे स्विमिंग पूल बसेल का?"

"बसेल," सर म्हणाले. "ओव्हाळ, मोजून घ्या."

कुणी रागावलं असतं तर त्यांनी ते सोसलं असतं. दोनशे बारा झाडं गेल्याचं त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणालाही दुःख नव्हतं, आणि ज्याला दुःख होतं त्यानेच ती मारली होती. झाडांचा आडोसा गेल्यावर मातीच्या भिंती पावसात टिकणार नव्हत्या. मग सिमेंटचे ब्लॉक आले, वर पत्रा आला, पत्रा तापतो म्हणून एसी आले. सगळं ओव्हाळांनीच काढलं. नकाशावर स्वतःचं नाव मात्र टाकलं नाही. घरी सांगितलं की ते जंगलातलं काम रद्द झालं.

सहा वर्षांनी त्यांची मुलगी मैत्री आयटी कंपनीत लागली. पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसची मंडळी सहलीला गेली. रविवारी संध्याकाळी ती परत आली, गालावरची कातडी सोलवटलेली. तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. उतारावर आठ खोल्या एका ओळीत, मध्ये निळा पूल.

"काय ऊन होतं, पप्पा! म्हणे फॉरेस्ट रिट्रीट. एक झाड नाही उभं राहायला." ती चपला काढत होती. "ज्यानं कुणी हे डिझाइन केलंय ना, तो जन्मात कधी झाडाखाली बसला नसेल."

ओव्हाळांनी फोटो नीट पाहिला. पाचवी खोली शोधली.

"नसेल," ते म्हणाले आणि मोबाइल तिला परत दिला.