मुद्दाम ठेवलेली चूक

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजारओळीत, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत धनंजय राहतो. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. डबा खालच्या खानावळीतून येतो, पगार खात्यात येतो, माणूस म्हणून कुणी येत नाही. बरोबरीची पोरं केव्हाच बाहेरगावी पांगली. हा आईच्या आजारपणासाठी थांबला. आई गेली आणि हा राहूनच गेला.

त्याला छंद एकच, संगणकाच्या कोडचे छोटे छोटे तुकडे लिहायचा. तारखा सरळ करणारा तुकडा, मराठी नावं क्रमानं लावणारा, एकच नोंद दोनदा झाली तर हुडकणारा. दुसऱ्याची डोकेफोड वाचावी म्हणून हा आपलं डोकं फोडून घेतो आणि जमलेला तुकडा जिल्ह्यातल्या प्रोग्रामरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तिथे सगळे त्याला दादा म्हणतात आणि त्याचा तुकडा डोळे झाकून आपल्या कामात चिकटवतात. पण काम चाललं की कोण कशाला बोलतो? एखादा अंगठा आला तर आला. तुकडे नागपूर-पुण्यापर्यंत हिंडत असतात आणि धनंजय आठ-आठ दिवस कुणाशी चार शब्द बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका तुकड्यात खरोखरच चूक राहिली, दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. त्या दिवशी फोन थांबेना. वर्ध्याहून अमरचा आला, देवळीहून हेमराजचा. चूक दोन मिनिटांत निघाली, मग गप्पा रंगल्या. हेमराजनं तर बायको कशावरून रुसली तेही सांगून टाकलं. धनंजय त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

आणि तिथेच त्याची मती फिरली.

पुढचा तुकडा होता यादीतली नावं एकामागून एक पुकारण्याचा. त्यात त्यानं जाणूनबुजून एक खोट ठेवली: शेवटचं नाव गळायचं. चूक ढळढळीत आहे, वापरणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल, तो फोन करील, आपण सुधारून देऊ. यात कुणाचं काय बिघडतं? अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि फोनकडे डोळे लावून बसला. बसला तो बसलाच. चार-पाच अंगठे तेवढे आले.

पंधरवडा उलटला, तो आशा सोडून बसला, आणि एका दुपारी फोन वाजला.

"दादा, मी काजल, अल्लीपूरची. ग्रुपवर हावो मी. तुमाले त्रास देऊन राह्यली."

"अवं, त्रास कायचा! बोल नं." धनंजयनं खुर्ची खिडकीशी ओढली. काय विचारू नि काय नको असं त्याला झालं. "अल्लीपूरले पाणीपाऊस कसा हाय? घरचे बरे हायेत?"

"बरे हायेत." ती म्हणाली. "हिंगणघाटच्या एका दवाखान्यात पेशंटचे नावं पुकाराचा प्रोग्राम कराचं काम मले भेटलं होतं. पयलंच काम. त्यात तुमचा तुकडा टाकला. रोज शेवटचा पेशंट राहूनच जाये. यशोदाबाई म्हणून एक म्हातारी दोनदा संध्याकाळपर्यंत बसून वापस गेली. काउंटरवरचे म्हणत, बसा, नाव येईन. डॉक्टरनं मले काढलं, दादा. मी त्याइले म्हटलं, तुकडा दादाचा हाय, तो चुकू शकत नाई, माह्यंच काई चुकलं असन. काय चुकलं तेवढं सांगा, म्हणजे पुन्हा नाई होणार."

हो, तुझंच चुकलं, एवढं धनंजयनं म्हटलं असतं तरी तिनं ते खरं मानलं असतं. तेवढा नीचपणा मात्र त्याच्यानं झाला नाही.

"तुयं काई नाई चुकलं, काजल. मीच तसं ठेवलं होतं."

"ठेवलं होतं? काऊन?"

"कोणी फोन करन म्हणून."

तिच्या बाजूनं एसटीचा हॉर्न तेवढा ऐकू आला.

"मंग दादा, तुमीच कराचा होता नं," ती म्हणाली. "माहा नंबर तर होता ग्रुपवर." रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन ठेवला.

धनंजयनं ग्रुपवर सगळं लिहिलं. खोट कुठे आहे, ती मुद्दाम का ठेवली, काजलचा काही दोष नाही आणि डॉक्टरला आपण स्वतः जाऊन सांगणार आहोत. मजकूर जातो न जातो तोच फोन वाजायला लागला. अमर. तो थांबला तर हेमराज. मग कुणीतरी अनोळखी, मग पुन्हा अमर. एवढ्या जणांकडे आपला नंबर आहे हे त्याला त्या दुपारी कळलं, आणि त्यातला एकही फोन उचलून "बोल" म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.