टाचेने मागे सारलेला चेंडू

कुठल्याही मैदानात शिरताना बापू जाधव वाकून गवताला हात लावायचे आणि तो कपाळाला लावायचे. हॅनोव्हरच्या क्लबातल्या जर्मन पोरांना वाटे, हे गृहस्थ ओल बघताहेत. आमच्या कंपनीत गिअरबॉक्सची डिझाइनं करणारा हा सांगलीचा कबड्डीपटू जर्मनीच्या पहिल्यावहिल्या रग्बी लीग संघातून खेळला, हे मी आजही भेटेल त्याला ऐकवतो. ऐकवणारच!

सुरुवात मात्र फजितीची. या खेळात चेंडू घेऊन पळणारा पकडला गेला की त्याने थांबायचं, उठायचं आणि चेंडू जमिनीवर ठेवून टाचेने मागच्या सोबत्याकडे सारायचा. बापूंच्या अंगात मुरलेली कबड्डी. चौघांनी धरलं तरी रेघ गाठायचीच, म्हणून हा गडी चौघांना घेऊन सरपटत निघाला. शिट्टी. पुन्हा सरपटला, पुन्हा शिट्टी. "अहो कुलकर्णी, धरल्यावर थांबायचं, हे शिकायला दोन वर्षं गेली बघा," ते मला म्हणाले होते. पुढे ते त्यांचं पालुपदच झालं. ऑफिसात एखादं डिझाइन नापास झालं की मी कुरकुरत बसे, आणि बापू जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर मग', मिसळून म्हणत, "धरलं म्हंजे धरलं. आल्झो, गप उठायचं, बिगीबिगी."

जर्मनीकडून ते एकच सामना खेळले. वहिनी, त्यांची छोटी मुलगी गार्गी आणि मी काठावर ओरडत होतो. जर्मनीच्या खात्यात एकही गुण नव्हता. शेवटच्या मिनिटांत बापू चेंडू घेऊन घुसले आणि गोलरेषेपासून वीतभर अंतरावर आडवे झाले. अंगावर तिघे, पंच पलीकडे. "पापा, श्ट्रेक दिश!" गार्गी किंचाळली. हात लांब कर! धरल्यावर हात लांबवून चेंडू रेषेपलीकडे टेकवणं नियमाबाहेरचं, पण खरंच, तसं केलं असतं तर कुणाला दिसलंही नसतं. मीही तेच ओरडत होतो, आता सांगायला लाज वाटते.

बापू उठले. चेंडू ठेवला, टाचेने मागे सारला. मागच्या सोबत्याने, योनासने, तो उचलून रेषेपलीकडे झेप घेतली. संघाचे ते पहिले गुण, नाव योनासचं. गार्गी घरी जाईपर्यंत बापाशी बोलली नाही.

गेल्या महिन्यात बापू कायमचे सांगलीला परतले. निरोपाला आम्ही क्लबच्या मैदानावर जमलो, आता मोठी झालेली गार्गीही होती. योनास, आता टक्कल पडलेला, तोच जुना चेंडू घेऊन आला होता. त्यावर त्याने ठळक अक्षरांत बापूंचं नाव लिहिलं होतं. "हे गुण तुझेच," तो जर्मनमध्ये म्हणाला.

बापूंनी नाव वाचलं. गुडघा दुखत असतानाही वाकले, चेंडू गवतावर ठेवला आणि टाचेने हळूच योनासकडे मागे सारला.

तो चेंडू उचलायला या वेळी गार्गी धावली.