सुमनचं बियाणं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बॅटऱ्या पुसणं. वैनगंगेच्या काठाला लाँच बांधलेली. सुमन टर्मिनलवर गरम पाणी ओतत होती, मी ब्रशनं पांढरा खार घासत होतो. मग तिनं ग्रीस लावलं आणि बोटं माझ्या बनियनला पुसली. "तसंबी मळकंच हाये," म्हणाली.

ऐंशीच्या सालांतली गोष्ट. आमच्या घाटावर पूल नव्हता. पावसाळाभर औषधं, पेशंट, मास्तर, सगळे लाँचवरून. ड्रायव्हर मी, पण लाइटचं राज्य माझ्या बायकोचं, सुमनचं. बॅटऱ्या दोन. लहानीवर दिवे आणि तळातलं पाणी उपसायचा पंप. मोठी फक्त इंजिन सुरू करायला. इंजिन चाललं की दोन्ही भरायच्या. बंद झालं की सुमन आधी चावी फिरवून मोठी वेगळी करायची, मग चहा मांडायची. कोणी मोठीवर रेडिओ लावू म्हटलं की डोळे वटारायची. "ते बियाणं हाये जी. घरात दाना नसला तरी बियाणं कोनी रांधते का?"

एकदा दिवस बुडताना बाळंतपणाला अडलेली पोरगी आणि तिची सासू घेऊन चांद्याकडच्या काठाला निघालो. ऐन धारेत पुरात वाहत आलेलं जाळं लाँचच्या पाण्यातल्या पंख्यात गुंतलं. इंजिन बंद. लाँच आडवी होऊन खडकांकडे वाहू लागली, तळात पाणी शिरलं. पंप चालून चालून लहानी बसली. दिवा लाल झाला, विझला. पंपही थांबला. मी कमरेला दोर बांधून पाण्यात, हातात कोयता, दिसत काही नाही. वर पोरगी ओरडून राहिलेली.

"मोठीवर दिवा लाव वं!" मी खालून ओरडलो.

"नाई."

"पोरगी मरन ना!"

"मोठी संपली त सगळेच मरू. हातानं चाचपा."

"बाई हायेस का डाकिन?" सासू किंचाळली.

सुमन चावीच्या डब्याला पाठ लावून बसली आणि चहाच्या गंजानं पाणी उपसू लागली. एक भगोनं सासूपुढं सरकवलं. "शिव्या दे, पन हात चालव."

जाळं मी चाचपूनच कापलं. वर येऊन बटन दाबलं, मोठीनं इंजिन उचललं. खडक इतका जवळ होता की सुमननं बांबूनं रेटा दिला तेव्हा सुटलो. पोरगी काठाला लागताच बाळंत झाली, आई-लेकरू दोघं जगली. सासू पायाशी वाकली तर ही म्हणते, "पाया नोको पडू. भगोनं दे माघारी."

बॅटऱ्या पुसल्या त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. पाणी मागितलं. ते हातात देईस्तोवर गेली.

आमचं गाव पलीकडच्या काठावर. सकाळी हिरव्या लुगड्यात तिला लाँचवर ठेवलं. नदी चढलेली, इंजिन गार. माझा अंगठा बटनावर जाईना. शेवटी दाबलं. एका दाबात लागलं. मोठी कालच तिनं भरून ठेवलेली.

पलीकडे माणसं खांदा द्यायला उभी होती. "चला भाऊ," एक जण म्हणाला.

मी इंजिन बंद केलं. चावी फिरवून मोठी वेगळी केली. मग खांदा दिला.