सिगारची टोपी

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. तिथं साहेबानं त्यांना एकदाच सिगार दिली होती आणि तिची गोष्ट बाबांनी आम्हाला जन्मभर ऐकवली. म्हणून माझ्या भावानं दुबईहून पाच सिगारचा डबा आणला. पण तोवर बाबांचा उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडला होता. डॉक्टर नको म्हणाले. आईनं मात्र तह केला, महिन्याला एक सिगार, तीही गॅलरीत बसून. पेटवण्याआधी सिगारचं बंद टोक कापावं लागतं, ते काम माझ्याकडे आलं.

आमच्या कात्रपच्या फ्लॅटमध्ये सिगार कापायचं यंत्र कुठून असणार? मी आईचा सुपारीचा अडकित्ता घेतला आणि भेंडीचा देठ काढावा तसं चांगलं पेरभर टोक उडवून मोकळी झाले. झालं, वर गुंडाळलेलं तंबाखूचं पान सुटायला लागलं. दोन झुरक्यांत सिगारची पार लक्तरं.

"अगं, भाजी चिरायला बसलीस का?" बाबा असे काही तडकले की मला रडूच आलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका खणखणीत निघालाय, असं आई नंतर म्हणाली.

उल्हासनगरला माझ्या ऑफिसखाली एक म्हातारा सिंधी पानवाला बसायचा. त्याला विचारलं तर आधी त्यानं मला नीट न्याहाळलं. बाबांसाठी म्हटल्यावर चेहरा सैल पडला. "टोपी उतारो, बेटा. गला मत काटो." तोंडात धरायच्या गोल टोकावर पानाचीच छोटी टोपी चिकटवलेली असते. ती संपते तिथं बारीक रेघ दिसते. कापायचं त्या रेघेच्या वर, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकंच. आधी टोक ओठांनी जरा ओलं करायचं, म्हणजे पान तडकत नाही. आणि पातं एका दमात दाबायचं, घासत बसायचं नाही.

पुढच्या तीन मी झकास कापल्या. ओलं करायचं काम बाबांचं, कापायचं माझं. मला जरा गर्वच झाला, खोटं कशाला सांगू.

पाचवीच्या वेळी बाबांनी डावा हात पुढे केला. "आण इकडे. आज मी कापतो."

एव्हाना ते डाव्या हातानं जेवायला शिकले होते, शर्टाची बटणंही लावायचे. मी म्हटलं, "राहू द्या बाबा, शेवटची आहे. उगाच वाया जाईल." त्यांनी अडकित्ता उचललाही होता. मी तो काढून घेतला. टोपी इतकी सुरेख निघाली की मी ती तळहातावर घेऊन त्यांना दाखवली. "छान," ते म्हणाले. दोन झुरके घेतले आणि सिगार बाजूला ठेवून दिली.

भाऊ पुढच्या खेपेला नवा डबा आणणार होता. त्याआधीच बाबा गेले. अजूनही कुठं तो वास आला की डोळे भरून येतात. त्या दिवशी त्यांना सिगार ओढायची नव्हतीच, कापायची होती. एवढं साधं मला कळलं नाही.