आमटीच्या पातेल्याला पट्टा

लहान लेकराला गाडीत मांडीवर घेऊ नका, असं छापलेली पत्रकं मी पालमच्या बसस्टँडवर वाटते. लोक त्यात भजी बांधून नेतात. त्याचं मला काही वाटत नाही. माझा राग आमच्या घरच्या गाडीवर आहे.

ताईच्या लेकीचं जावळ काढायला राणीसावरगावला देवीला जायचं ठरलं. लेक जेमतेम धरून उभी राहायची. तिच्यासाठी मी गाडीत बसवायची छोटी खुर्ची आणली आणि मागच्या सीटवर पक्की आवळली. एवढ्या लहान लेकराला तीत उलटं, मागं तोंड करून बसवतात. ब्रेक लागला तर मान सांभाळली जाते. हे मी सगळ्यांना नीट समजावलं. ताईच्या सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवीला पाठ दावून नेतेत व्हय लेकराला?"

संपलं. त्यात जावळ काढायचं मामाच्या मांडीवर. आमच्या दादानं तो मान घराच्या दारापासूनच घेतला आणि भाचीला घेऊन पुढच्या सीटवर बसला. मी अडवलं तर म्हणाला, "पत्रकवाल्या बाई, मामाच्या हातात हाय ती. तुझं प्लास्टिक हातापरीस लय भारी का?" गाडी चालवणारे दाजी हसले. ताई मागं येऊन बसली. दादानं पोलिसाच्या धाकानं स्वतःला पट्टा लावला. भाची पट्ट्याच्या बाहेर.

खुर्ची रिकामीच आहे म्हणून सासूबाईंनी नैवेद्याच्या आमटीचं पातेलं तीत ठेवलं आणि सांडू नये म्हणून पट्टे आवळले. पट्टे कसे लावायचे, ते मात्र बरोबर लक्षात राहिलं होतं.

राणीसावरगावच्या अलीकडं वळणावर मेंढरं आडवी आली. मेंढपाळाला कशाला बोल लावू, रस्ता त्याचाही आहे. दाजींनी ब्रेक दाबला. गाडी काही फार पळत नव्हती. तरी भाची मामाच्या हातांतून निसटून समोर आदळली. कपाळावर टेंगूळ, ओठ फाटलेला. आमटीचा थेंब सांडला नाही.

मी दवाखाना, दवाखाना करत राहिले. देवीनंच वाचवलं म्हणत सगळे तिला तशीच देवळात घेऊन गेले. टेंगळाभोवतीचे केस ठेवून वस्तरा फिरला. हुंदके देणारं ते लेकरू पुन्हा मामाच्याच मांडीवर.

निघताना सासूबाईंनी उरलेल्या आमटीचं पातेलं परत खुर्चीत ठेवलं. ताईनं कुणाला काही विचारलं नाही. पातेलं उचललं आणि पुढं बसलेल्या दादाच्या मांडीवर ठेवलं.

"धर. सांडू नको."

मग लेकीला खुर्चीत उलटं बसवून पट्टे लावले आणि दाजींना गाडी दवाखान्यात घ्यायला सांगितली.

पहिल्याच गतिरोधकाला दादाची पँट भिजली. दुसऱ्याच्या आधीच तो म्हणाला, "दाजी, हळू घ्या की. हातात ऱ्हाईना गेलंय."