शब्द कोण खातं

दिल्लीतली मराठी मुलं शब्द खातात, हे भानुमतीबाईंचं ठाम मत होतं, आणि ते त्या मुलांच्या आयांना तोंडावर सांगत. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये त्यांनी रविवारचा उच्चारांचा वर्ग काढला. फुकट. नवरा गेलेला, मुलगा सुजय गुरुग्रामला. घरात चार आवाज हवेत म्हणूनही काढला असेल. पण तसं कबूल करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"म्हण, सासू."

"सासू," नात सृष्टी म्हणायची.

"आऊ काय? सासू! स कुठे गेला? गिळलास?"

"यार आजी, सेमच तर बोलतेय मी."

मुलं एकेक करून गळाली. सगळ्यांत शेवटी सृष्टी गळाली. फोनवर ती आजीशी हिंदीत बोलू लागली, कारण हिंदीतल्या चुका आजी काढत नसे. पुढे पुढे तर फोन उचलला की "मम्मी, आजी," एवढं म्हणून आईच्या हातात देऊन मोकळी होई.

वर्ग बंद पडला आणि घर गप्प झालं. नुसतं गप्प नाही, बिघडल्यासारखं झालं. बाल्कनीतल्या कढीलिंबावर शिंजीर यायचा, चोच उघडायचा, मिटायचा, पण गायचा नाही. या हवेत पाखरांचेसुद्धा घसे बसले, असं त्यांनी शेजारच्या भाटियाबाईंना सांगून टाकलं. दाराची घंटा वाजेना, ती बदलली. कुकरची शिट्टी होईना, तीही बदलली. डाळ करपायची ती करपतच राहिली. "नकली माल बेचते हो," म्हणून दुकानदाराला झापून आल्या. दिवसचे दिवस त्यांच्याशी बोलायला कुणी येत नव्हतं, आणि आलं तर पुटपुटत होतं.

ऐन उन्हाळ्यात सून आली. वैभवी एकटी अशी कधी यायची नाही. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "आई, मी सृष्टीला घेऊन पुण्याला चाललेय. कॉलेज तिथेच बघतोय. सुजय इथे राहील."

"भांडलात?"

"भांडायलासुद्धा ऐकावं लागतं हो. भिंतीशी बोलतेय मी किती वर्षं. परवा सृष्टीनं बारावीचा रिझल्ट सांगितला, तर हा 'हं, ठेव तिथे' म्हणाला. ऑफिसातल्या त्या पुरींचं, त्या मलिकचं सगळं बरोबर ऐकू येतं. फक्त आम्हा दोघींचं नाही."

एवढ्यात वैभवीनं दचकून दोन्ही कानांवर हात ठेवले. भानुमतीबाईंनी वळून पाहिलं. कुकरच्या तोंडातून वाफेचा झोत वर उसळत होता. वजन नाचत होतं, त्याची खडखड त्यांना ऐकू येत होती. शिट्टी मात्र नव्हती.

"आई, गॅस बंद करा ना, केवढ्यानं वाजतोय."

त्यांनी गॅस बंद केला. नातीचं "सासू" त्यांना तेव्हाच आठवलं असावं; त्याच आठवड्यात त्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. घराण्यात आणखी कुणी बहिरं होतं का, विचारलं. नव्हतं. एक आई तेवढी मिरजेला सासरी शिष्ट म्हणून बदनाम होती, हाका मारल्या तरी ओ देत नसे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि रक्ताच्या तपासणीला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथली चेतना नावाची डॉक्टर परभणीची निघाली. रिपोर्ट आल्यावर तोंडावरचा मास्क काढून, समोर बसून बोलली, त्यामुळे सगळं समजलं.

"काकू, कानाच्या आत एक शंख असतो. त्याला आतून पेशींचं अस्तर असतं, कातडीला, आतड्यालाही असतं तसं, घट्ट बसवलेल्या फरशीसारखं. ते तसंच घट्ट राहावं म्हणून एक जनुक काम करतो. जीआरएचएल-टू त्याचं नाव. तो स्वतः काही बांधत नाही. दुसऱ्या जनुकांना हुकूम देतो, तुम्ही चालू व्हा, तुम्ही थांबा."

"म्हणजे अंडर सेक्रेटरी."

चेतना हसली. "अगदी. त्याच्या दोन प्रती असतात. तुमची एक बाद आहे. अर्ध्या हुकमावर अस्तर उभं राहतं, पण जन्मभर टिकत नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, च, पाखरं, शिट्ट्या. बायकामुलांचे आवाज पुसट होतात. यंत्रानं मदत होईल, पण पहिला कान परत येणार नाही."

"माझी कातडी, आतडी तर धड आहेत. तिथे नाही का हा लागत?"

"लागतो. पण तिथे त्याची भावंडं सांभाळून घेत असावीत, असा अंदाज आहे. कानात बहुधा तो एकटाच."

"एकटाच," भानुमतीबाई म्हणाल्या. मग सरकारी सवयीनं पुढचं विचारलं. "आणि खाली? मुलांत?"

"निम्मी शक्यता. कुणी आहे का?"

आहे ना. बायकोमुलीचं ऐकत नाही असा एक आहे.

रविवारी त्या मेट्रोनं गुरुग्रामला गेल्या. दिवाणखान्यात खोकी बांधून ठेवलेली. सुजय सोफ्यावर पाठमोरा, टीव्ही मोठ्यानं लावून बसलेला. भानुमतीबाईंनी टीव्ही बंद केला आणि सृष्टीला त्याच्या पाठीमागे उभं केलं.

"म्हण. ससा, शिट्टी, चिंच."

"आजी, प्लीज, आज पुन्हा तेच नको."

"तुझ्यासाठी नाही. म्हण."

सृष्टीनं म्हटलं. स्वच्छ म्हटलं असावं, कारण वैभवीचा चेहरा बदलला. सुजय हलला नाही. सृष्टी पुन्हा म्हणाली, आणि मग हळूच, यादीत नसलेलं, "पप्पा." तो रिमोट शोधत होता.

भानुमतीबाई त्याच्या समोर जाऊन बसल्या. "सुजय, शब्द पोरगी खात नव्हती. मी खात होते. तूही खातोस. माझ्या आईचंच आहे हे."

त्यांनी सगळं सांगितलं. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. लहानपणापासून असाच बघायचा, आणि त्यांना वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतो पोरगा.

"मी बहिरा नाहीये," तो म्हणाला. "तुझं वय झालंय, आई." आणि उठून बाल्कनीत गेला, काचेचं दार ओढून घेतलं.

वैभवी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तोंड उघडलं, हाक मारायला. मिटलं. मग दार सरकवून बाहेर गेली आणि वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिली.

काचेतून दोघांचे ओठ हलताना दिसत होते. खोकी बांधलेली तशीच होती. शेजारी बसून सृष्टी काहीतरी म्हणाली, मराठीत की हिंदीत ते भानुमतीबाईंना कळलं नाही. त्यांनी चूक काढली नाही. तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आता बोल."