ग्रुपवरचं बोलावणं

पुण्याच्या कंपनीचं काम मी गोव्यात, आमोण्यातल्या सासरघरी बसून करते, याचा मला जरा गर्वच होता. त्याच भरात घराची पुढची खोली रिकामी करून चांगली इंटरनेटची लाईन घेतली, दोन कॉम्प्युटर मांडले, फोटो काढायला पांढरा पडदा लावला. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायकांची कोकमाची सोलं, पापड, लोणची फोनवरून विकायची आणि घरून काम करणाऱ्यांना बसायला जागा द्यायची, असा बेत. वर्षभरात खोली चालली नाही तर पुण्याला परत, असंही घरात ठरलं होतं. मला परत जायचं नव्हतं.

उद्घाटनाचं आमंत्रण मी स्वतः तयार केलं. तुळशीवृंदावन, मागे मांडवी नदी, खाली जोडलेले हात. वाड्याच्या ग्रुपवर टाकताच अंगठे आणि फुलं यांची नुसती रांग लागली. सासूबाईंना म्हटलं, "आई, सगळ्यांना सांगून झालं." त्यांनी साठ माणसांचं खतखतं, भाज्या-डाळीचं ते दाट कालवण, चुलीवर चढवलं.

रविवारी अकराला भटजी आले. साडेअकरालाही भटजीच होते. शेजारच्या काकी, ज्यांच्या सोलांसाठी हा खटाटोप मी मांडला, त्यांचं फूल ग्रुपवर सगळ्यात आधी आलं होतं. आता त्याच आपल्या खिडकीतून आमच्याकडे बघत होत्या. माझं डोकंच फिरलं. मनातल्या मनात मी अख्ख्या वाड्याचा उद्धार केला आणि पुण्याची बॅगही भरली.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "घरांनी कोण कोण मेळ्ळीं तुका?"

"घरी कशाला जायचं? ग्रुपवर टाकलं ना."

त्यांनी हळदीच्या हातानेच कपाळ बडवलं. "तुवें सगळ्यांक कळयलें गो. आपयलें कोणाक?"

खरंच, कळवलं सगळ्यांना, बोलावलं कोणालाच नव्हतं. माझ्या लग्नाच्या वेळी याच बाई दारोदार बोलावणी करत फिरल्या होत्या, ते मला माहीत होतं. पण शिकलेल्या माणसाची अक्कल कधी कधी चार्जिंगला लावलेली असते. त्यांनी अक्षतांची वाटी माझ्या हातात दिली आणि भटजींना चहा देऊन आम्ही दोघी निघालो.

पहिलं दार काकींचं. मी उंबऱ्याशी उभी राहून म्हटलं, "काकी, आमच्याकडे खोलीची पूजा आहे. सगळ्यांनी जेवायलाच यायचं."

काकी बाहेर आल्या त्या जरीच्या साडीत, केसात आबोली माळून. "हांव केन्नाची नेसून बसल्यां गो! आपयल्याबगर कशें येवप?"

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. इस्त्रीचे शर्ट, पावडर थापलेली पोरं, आणि एकाही घरात चूल पेटलेली नाही. मी बोलवायला येईन, उशिरा का होईना पण येईन, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. भर उन्हात मी त्या पाणंदीतून अक्षरशः पळत होते आणि हसत होते. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते. शेवटच्या पंगतीला खतखतं पुरलं नाही, लोणच्यावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काकी खोलीच्या दाराशी उभ्या, काखेत सोलांची टोपली. आत मात्र येईनात.

"काल आपयलें," त्या म्हणाल्या, "तें कालच्या दिसापुरतें, सदांचें न्हय मूं?"